आज शाळा आहे का? : एक प्रस्तावना

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत रोज सकाळी एक प्रश्न सुरू होतो: आज शाळा आहे का? मुलं तो आईला विचारतात, पडवीत उभं राहून शेजारच्या घराला ओरडून विचारतात, वाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. हल्ली मोबाइल उघडून विचारतात. रात्रभर कौलांवर पाऊस वाजत असला की डोळे उघडण्याआधीच कान उत्तर शोधू लागतात. पावसाच्या सुट्टीची वाट पाहण्याच्या त्या सकाळी या दोन तालुक्यांत शिकलेल्या माणसांनी आठवून लिहिल्या आहेत, आणि त्या या संग्रहात एकत्र आल्या आहेत.

वरवर पाहता विषय लहान आहे. अचानक मिळणाऱ्या सुट्टीची ओढ जगातल्या सगळ्याच मुलांना असते. अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं हिवाळ्यात हिमवर्षावाच्या सुट्टीची अशीच वाट पाहतात. झोपताना पायजमा उलटा घातला, किंवा बर्फाचे खडे संडासात टाकून पाणी सोडलं, की रात्रीत बर्फ पडतो, अशी तिथल्या मुलांची समजूत आहे. पूर्वी घरातली माणसं पहाटे रेडिओ लावून बंद शाळांची नावं ऐकत. आता निरोप फोनवर येतो. करोनानंतर न्यू यॉर्क शहरानं तर हिमवर्षावाची सुट्टी बंद करून त्या दिवशी ऑनलाइन वर्ग घ्यायचं ठरवलं. कोकणातल्या मुलाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. एक फरक मात्र मोठा आहे आणि माझ्या मते तोच या संग्रहाचा गाभा आहे. तिथं सुट्टी जाहीर झाली म्हणजे मूल घरात सुरक्षित आहे, असं सगळे धरून चालतात. डोंगरउतारावरच्या वाडीत तसं धरून चालता येत नाही. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून जे ओढवलं, त्यानंतर पावसाच्या सुट्टीची कोणतीही आठवण पूर्वीसारखी वाचता येत नाही.

आधी हा मुलूख समजून घेऊ. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते, महाडवरून पुढे जाते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडजवळ काळ आणि गांधारी या नद्यांचं पाणीही तिच्यात येतं. वर, वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं महाबळेश्वरचं पठार. खाली, भरतीचं पाणी आत घेणारी खाडी. आणि मधल्या दऱ्यांत हे दोन तालुके. घाटमाथ्यावर पाऊस ओतत असताना खाली भरती लागली की नदीच्या पाण्याला वाटच उरत नाही आणि ते महाडच्या बाजारपेठेत शिरतं. म्हणून इथलं जाणतं माणूस नुसत्या आपल्या अंगणातल्या पावसावर विसंबत नाही. ‘वर घाटात किती आहे?’ हे ते आधी विचारतं. महाडात उघडीप असतानाही नदी चढू शकते, हे इथली मुलं भूगोलाच्या पुस्तकाआधी घरातल्या बोलण्यातून शिकतात. वरंध, आंबेनळी, कशेडी ही घाटांची नावं बाहेरच्यांना पर्यटनाची वाटतात. इथल्या घरांत ती पावसाळाभर ‘बंद आहे की चालू’ या एकाच संदर्भात घेतली जातात.

संग्रहातल्या सर्वांत जुन्या आठवणी हा कुलाबा जिल्हा होता त्या काळातल्या आहेत; १ जानेवारी १९८१ला त्याचं नाव रायगड झालं. त्या काळी सुट्टी जाहीर करणारं कुणी नव्हतं. ती आपोआप कळायची. तिची पहिली खूण म्हणजे वस्तीची गाडी. महाडहून सुटलेली एसटी संध्याकाळी गावात येऊन मुक्काम करायची आणि पहाटे परत निघायची. रात्री गाडी आलीच नाही, म्हणजे रस्त्यात कुठंतरी दरड आली किंवा मोरीवरून पाणी गेलं. सकाळी गाडी नाही, म्हणजे हायस्कूलला जाणारी मुलं गावातच आणि तालुक्याच्या ठिकाणी राहणारे गुरुजीही तिकडेच. गाडीच्या हॉर्नची वाट पाहत अंथरुणात पडून राहणं आणि तो आला नाही की अंगावरचं पांघरूण पुन्हा डोक्यावर ओढून घेणं, ही आठवण वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या माणसांनी जवळजवळ सारखीच लिहिली आहे.

दुसरी खूण साकव. गाव एका अंगाला, वाडी दुसऱ्या अंगाला आणि मध्ये ओढा, अशी इथली कितीतरी वस्ती आहे. साकवाच्या कोणत्या दगडाला पाणी लागलं की पलीकडे जायचं नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ठरवून दिलेलं असायचं. मुलं दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डोक्यावर खोळ नाहीतर इरलं घेऊन तिथपर्यंत जायची, दगड बघायची आणि परत फिरायची. शाळेच्या हजेरीपटावर त्या दिवशी गैरहजेरी लागायची, पण घरात त्याबद्दल कुणी रागवायचं नाही. त्या दगडाला जिल्हाधिकाऱ्याच्या सहीइतकाच मान होता.

तिसरी खूण खुद्द गुरुजी किंवा बाई. एक-दोन शिक्षकांच्या शाळेत दुपारी पावसाचा रंग बदलला की शाळा लवकर सोडायचा निर्णय त्यांचाच. नुसतं ‘जा’ म्हणून भागत नसे. कोणत्या वाडीची मुलं आधी सोडायची, मोठ्या मुलीनं कुणाचा हात धरायचा, ओढ्यापलीकडे सुखरूप पोचल्यावर कुणी हाक द्यायची, हे सगळं बघावं लागे. मला या संग्रहातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. नाव न घेता सांगितलेल्या त्या शिक्षकांनी जे केलं, त्याला आज आपण आपत्ती व्यवस्थापन म्हणतो. त्यांच्यापाशी ना यंत्र होतं, ना वरून आलेली सूचना. मुलांची घरं कुठं आहेत आणि मध्ये कोणतं पाणी आहे, हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं.

मग रेडिओ आला. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांत कुलाबा किंवा रायगड हे नाव ऐकू येतं का, म्हणून घर गप्प व्हायचं. पुढे दूरदर्शन, मग बातम्यांच्या वाहिन्यांवर पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ओळी. त्या ओळींत मुंबई-ठाण्याचं नाव आधी यायचं आणि रायगडसाठी डोळे ताणून बसावं लागायचं. त्यातही वीज गेलेली असली तर शेजारच्या घरातल्या सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरभोवती सगळी वाडी जमायची.

आजची पद्धत पुष्कळ नेमकी आहे. २००४च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर, २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार जिल्हाधिकारी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, आणि पावसामुळे शाळा बंद ठेवण्याचा आदेश त्यांच्या सहीनं निघतो. भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत इशारे देतो. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस, ही त्याची व्याख्या. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर. हे आकडे आता शाळकरी मुलांच्याही बोलण्यात असतात. आदेशाचा फोटो वाडीच्या ग्रुपवर येतो आणि क्षणात घराघरांत पोचतो. तरीही जुनी गुंतागुंत संपलेली नाही. आदेश सकाळी उशिरा निघाला तर लांबच्या वाडीतली मुलं वाटेला लागलेली असतात. गेल्या वर्षीच्या आदेशाचा फोटो यंदाचा म्हणून फिरतो. आणि ज्या रात्री इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच रात्री वीज आणि रेंज दोन्ही जातात.

सुट्टी मिळाल्यावर काय व्हायचं, याच्याही नोंदी इथं भरपूर आहेत, आणि त्या सारख्या नाहीत. मुलगे खेकडे पकडायला ओढ्यावर पळाले, भिजून आले, चुलीपाशी बसून भाजलेल्या काजूबिया किंवा फणसाच्या आठळ्या खाल्ल्या. पुरुषांनी लिहिलेल्या बहुतेक आठवणी अशा आहेत. बायकांनी लिहिलेल्या वेगळ्या आहेत. जुलै म्हणजे भातलावणीचे दिवस. शाळा नाही म्हणजे मुलगी घरात, आणि मुलगी घरात म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणं, शेतावर भाकरी पोचवणं, हाताला येईल तेवढी लावणी करणं. काहींनी स्पष्टच लिहिलं आहे की आम्ही सुट्टीची नव्हे, शाळेची वाट पाहत होतो. आणखी एक गोष्ट हल्लीच्या पिढीच्या आठवणींत येते. शाळेत दुपारचा शिजवलेला आहार मिळू लागल्यापासून गरीब घरातल्या मुलाच्या दृष्टीनं सुट्टी म्हणजे एक जेवण कमी. पावसाची सुट्टी सगळ्यांना सारखी मिळते, तिचा अर्थ मात्र घराघरांप्रमाणे बदलतो. वाचकानं हे भेद पुसून टाकू नयेत.

आता त्या दोन जुलैंकडे येतो, ज्यांच्यामुळे हा संग्रह निव्वळ बालपणाच्या गोड आठवणींचा राहू शकला नाही.

पहिला जुलै २००५चा. २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे साऱ्या देशाला आठवतं. त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि माणसं घरांसकट गाडली गेली, हे जिल्ह्याबाहेर फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. त्या दिवसांची आठवण लिहिणारे तेव्हा प्राथमिक शाळेत होते. सुट्टी मिळाल्याचा आनंद आणि शेजारच्या गावातल्या मृत्यूंची बातमी एकाच दिवशी मनात कशी राहिली, हे त्यांनी आता, मोठेपणी, पहिल्यांदाच मांडलं आहे. पुढे २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पाण्यात गेल्या. ज्या एसटीच्या हॉर्नवर शाळा ठरायची, तीच एसटी. त्यानंतरच्या आठवणींत एसटीची वाट पाहण्याला भीतीची किनार आली आहे.

दुसरा जुलै २०२१चा. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. महाड शहर पाण्याखाली गेलं, तिकडे चिपळूणही बुडालं. २२ तारखेला, गुरुवारी, दुपारी चारनंतर तळीये गावातल्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथंही दरडींनी बळी घेतले. रस्त्यांवर पाणी, फोन बंद, वीज नाही. त्यामुळे तळीयेपर्यंत बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर वाचलेल्या आणि आसपासच्या माणसांनीच हातांनी चिखल उपसला.

त्या दिवशी कुणी सुट्टी जाहीर होण्याची वाट पाहत नव्हतं. करोनामुळे राज्यातले पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० पासून बंदच होते. मुलं घरात होती, कारण घर ही सर्वांत सुरक्षित जागा आहे, असं सगळ्यांना सव्वा वर्ष सांगितलं जात होतं. त्या घरावरच डोंगर आला. तळीयेच्या मुलांबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्याचा अधिकार मला नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनी ठरवलं तेवढंच या संग्रहात आलं आहे, आणि ज्यांनी लिहायचं नाही असं ठरवलं त्यांचाही मान राखला आहे.

तळीयेनं समोर ठेवलेला प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. शाळा बंद करण्याचा आदेश रस्त्यावरच्या धोक्याचा विचार करतो. साकव, मोरी, घाट, नदी यांपासून मुलाला दूर ठेवतो. तो आवश्यक आहे आणि त्यानं जीव वाचतात. पण तो मुलाला घरी ठेवतो, आणि घर कुठं आहे हे विचारत नाही. सह्याद्रीच्या या उतारांवर खाली काळा कातळ आणि त्यावर झिजलेल्या खडकाचा, मुरमाचा, मातीचा थर असतो. सलग पावसात हा थर पाणी पीत राहतो, जड होतो, आणि कातळावरची त्याची पकड सुटते. अशा वेळी वाडीतल्या मुलाला शाळेत जाऊ नको एवढं सांगून काम संपत नाही. घरातल्या सगळ्यांनी आज रात्री कुठं झोपायचं, हेही सांगावं लागतं.

इथंच शाळेचं दुसरं रूप दिसतं. लाल इशाऱ्याच्या दिवसांत धोक्याच्या वाड्यांतल्या माणसांना हलवायचं झालं, तर गावात पक्की, मोठी, सगळ्यांच्या ओळखीची इमारत बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेचीच असते. वर्ग बंद होतात आणि त्याच खोल्यांत सतरंज्या अंथरल्या जातात. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतली काही मुलं निवासी आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप वाचले नाहीत. म्हणून जागा नीट निवडली असेल, तर मुसळधार पावसात शाळेची इमारत उघडी असणं हे वर्ग बंद असण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आठवणींचा यात काय उपयोग, असं कुणी विचारील. माझं उत्तर असं की या मुलखातलं पावसाचं ज्ञान मुख्यतः आठवणींतच साठलेलं आहे. रोजच्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, नेहमीचा झरा अचानक थांबला किंवा नको तिथं नवा फुटला, जमिनीला भेग पडून ती रुंदावत गेली, सरळ उभी झाडं कलली, घराची दारं चौकटीत अडकू लागली, तर डोंगर हलतो आहे. भूवैज्ञानिक आज हीच लक्षणं सांगतात, आणि या संग्रहातल्या कित्येक आजींनी ती ‘आमच्या वेळी असं पाहायचे’ म्हणून सांगितली आहेत. सुट्टीची वाट पाहणारं मूल पावसाकडे ज्या एकाग्रतेनं बघतं, तेवढ्या लक्षपूर्वक मोठी माणसं क्वचितच बघतात. आवाज वाढला का, पागोळ्यांची धार जाड झाली का, ओढा पिवळा झाला की तांबडा, हे ते अचूक सांगतं. ही नजर सुट्टी मिळेपर्यंतच वापरायची आणि मग विसरून जायची, हे आपल्याला परवडणारं नाही.

म्हणून या संग्रहाकडून माझी अपेक्षा वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याची नाही. महाड-पोलादपूरच्या शाळांनी तो शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात वाचावा. वाचून झाल्यावर मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या वाडीत पाणी कुठून येतं, डोंगर पूर्वी कधी, कुठं सरकला होता, आणि रात्री-अपरात्री निघायचं झालं तर कोणत्या वाटेनं कुठं जायचं. उत्तरं वर्गाच्या भिंतीवर नकाशा करून लावावीत आणि दर वर्षी नव्या मुलांनी ती तपासावीत. ग्रामपंचायत, तलाठी, पोलीस पाटील आणि शिक्षक यांनी तो नकाशा मुलांबरोबर एकदा तरी चालून पाहावा. आणि सुट्टीचा आदेश निघेल त्या दिवशी त्यात आणखी एक ओळ असावी: या अमुक वाड्यांनी आज घरी थांबू नये, या अमुक ठिकाणी जावं. शाळा बंद असल्याचा निरोप घराघरांत पोचतो, कारण मुलं त्याची वाट पाहत असतात. जीव वाचवणारा निरोपही त्याच वाटेनं, त्याच मुलांच्या हाती पोचवता येईल.

ज्यांनी या आठवणी लिहिल्या, सांगितल्या, लिहून घेतल्या, त्यांचे आभार मानणं मला अपुरं वाटतं. त्यांतल्या अनेकांनी स्वतःसाठी आनंदाच्या असलेल्या दिवसांना पुन्हा एकदा, नव्या माहितीच्या उजेडात, सामोरं जाण्याचं धाडस केलं आहे. आपल्या लहानपणीची सुट्टी सुखाची होती हे त्यांनी नाकारलेलं नाही, आणि नाकारण्याचं कारणही नाही. पुढच्या मुलांनाही ती तशीच सुखाची मिळाली पाहिजे. खेकड्यांची, आठळ्यांची, चुलीपाशी वाळणाऱ्या कपड्यांची. त्यासाठी मोठ्यांनी करायचं काम या संग्रहात ठिकठिकाणी लिहून ठेवलं आहे. ते वाचावं, आणि पुढचा पावसाळा लागण्याआधी करावं.